मुलगी बघायला डार्विनही आला होता

माझा भाचा एकतीस वर्षांचा आहे. हिंजवडीत नोकरी, वाकडला टू बीएचके आणि गेली तीन वर्षं मुली बघण्याचा कार्यक्रम. गेल्या महिन्यात बारावी की तेरावी मुलगी नाकारून तो माझ्याकडे आला, सोफ्यावर मांडी घालून बसला आणि चिवड्याची बशी पुढ्यात ओढली. मी विचारलं, "का रे, हिच्यात काय खोट काढलीस?"

"खोट नाही गं मावशी. मुलगी छान होती. पण आकर्षण वाटलं नाही. ते आपल्या हातात नसतं, हार्डवायर्ड असतं. इव्होल्यूशन. पुरुषाच्या मेंदूला कंबर आणि हिप्सचा रेशो शून्य दशांश सात लागतो. रंग उजळ असणं ही तब्येतीची खूण. लाखो वर्षांचं प्रोग्रॅमिंग आहे, मी काय करणार?"

मी तीस वर्षं ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं. हा मुलगा बारावीला जीवशास्त्र सोडून इलेक्ट्रॉनिक्स घेतलेला. तेव्हा जनुकं म्हणजे त्याला पाठांतराची कटकट वाटायची. आता तीच जनुकं पोह्यांच्या बशीशेजारी येऊन बसली होती. पूर्वी मुलगी बघायला मामा यायचे, काका यायचे, एखादे पोट सुटलेले भावोजी यायचे आणि नकार कळवायची वेळ आली की पत्रिकेवर ढकलायचे. मंगळ आहे, नाडी जुळत नाही. आता पत्रिका मागासलेली झाली. आता डार्विनवर ढकलतात. सोय तीच, फक्त भटजी बदलला.

हे वाचून ज्यांना वाटतंय की मी आता उत्क्रांतीला झोडपणार, त्यांनी टाळ्या राखून ठेवाव्यात. त्यांचाही नंबर पुढे आहे.

आधी शून्य दशांश सातचं बघू. देवेंद्र सिंग हे टेक्सास विद्यापीठातले मूळचे भारतीय मानसशास्त्रज्ञ. १९९३ साली त्यांनी बायकांची बारा रेखाचित्रं लोकांपुढे ठेवली. तीन वजनं, आणि प्रत्येक वजनात चार प्रकारची कंबर. कमरेचा घेर भागिले नितंबांचा घेर ०.७ आला की ती बाई लोकांना सगळ्यात देखणी वाटते, निरोगी वाटते, मुलंबाळं होण्याजोगी वाटते, असा निष्कर्ष निघाला. जोडीला पुरावा म्हणून प्लेबॉय मासिकाच्या मधल्या पानावरच्या आणि मिस अमेरिका झालेल्या मुलींची मापं होती. दशकं उलटली, बायका बारीक होत गेल्या, पण गुणोत्तर जागचं हललं नाही, असं सांगण्यात आलं. आकडा सुटसुटीत होता आणि विषय कमरेखालचा. गावभर व्हायला आणखी काय लागतं? पाठ्यपुस्तकांत गेला, मासिकांत गेला, आणि तीस वर्षांनी माझ्या सोफ्यावर आला.

मधल्या काळात काय झालं ते मात्र सोफ्यापर्यंत पोचलं नाही. २००२ मध्ये जेरेमी फ्रीझ आणि शेरी मेलँड यांनी त्याच सुंदऱ्यांची मापं पुन्हा मांडून बघितली. तर ती ०.७ वर खिळे ठोकून बसलेली नव्हती. चांगली वरखाली होत होती, काळाप्रमाणे सरकतही होती. त्याआधीच काहींनी साधी शंका काढली होती की बाईच्या चित्रात कंबर आत घेतली की ती बाई एकूणच बारीक दिसते. मग बघणाऱ्याला कंबर आवडली की बारीकपणा, हे ठरवायचं कसं? आणि मुळात मिस अमेरिका निवडणारे पंच आणि प्लेबॉयचा संपादक यांना मानवजातीचे प्रतिनिधी कुणी नेमलं? आमच्या गल्लीतल्या गणपती मंडळानं सौंदर्यस्पर्धा घेतली असती तर तिच्या निकालावरून कुणी अश्मयुगाबद्दल बोललं नसतं.

मग काही लोक खरोखर अमेरिकेबाहेर गेले. पेरूच्या मनू अरण्यात मात्सिगेंका नावाचे लोक राहतात. डग्लस यू आणि ग्लेन शेपर्ड यांनी तीच चित्रं तिथल्या सगळ्यात आतल्या गावात नेली. तिथल्या पुरुषांनी भरल्या अंगाच्या, सरळ कमरेच्या बायका पसंत केल्या आणि बारीक कमरेच्या बाया त्यांना आजारी वाटल्या. नुकतीच दुखण्यातून उठलेली बाई असावी तशा. हे १९९८ मध्ये नेचरमध्ये छापून आलं. त्यातला खरा मासला पुढे आहे: जी मात्सिगेंका मंडळी बाहेरच्या जगाच्या जितकी जवळ राहत होती, तितकी त्यांची पसंती अमेरिकनांसारखी होत गेली. लाखो वर्षांचं प्रोग्रॅमिंग नदीच्या बोटीतून येत होतं म्हणायचं.

पाठोपाठ टांझानियातले हादझा. हे शिकार करून आणि कंदमुळं खणून जगणारे लोक, म्हणजे उत्क्रांतीवाल्यांचा जीव की प्राण. फ्रँक मार्लो यांनी तिथे विचारलं, तर पुरुषांना बाई जाड हवी होती, कंबर कशीही चालत होती. इथे थांबले असते तर हा लेख माझ्या खिशात होता. पण २००५ मध्ये मार्लो आणि सहकाऱ्यांनी समोरून काढलेल्या चित्रांऐवजी बाजूनं काढलेली चित्रं दाखवली, आणि हादझा पुरुषांची पसंती कमी गुणोत्तराकडे झुकली. मागचा भाग भरदार हवा होता त्यांना. समोरून काढलेल्या चित्रात तो दिसतच नव्हता. आता याला काय म्हणायचं? उत्क्रांतीवाले म्हणतात, बघा, आमचंच खरं. मी म्हणते, बाबांनो, चित्र कुठल्या बाजूनं काढलं यावर जर मानवजातीचा स्वभाव ठरत असेल तर जरा दमानं घ्या.

आणखी एक गंमत. विरेन स्वामी आणि मार्टिन टोवी यांनी ब्रिटनमधल्या विद्यार्थ्यांना जेवायच्या हॉलच्या दारात गाठलं. जेवायला आत जाणाऱ्या भुकेल्या मुलांना बाहेर पडणाऱ्या पोटभर जेवलेल्यांपेक्षा जास्त वजनाच्या मुली आवडल्या. त्यांच्याच दुसऱ्या कामात दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू लोकांना जाड बायका देखण्या वाटत होत्या, पण तेच झुलू ब्रिटनला राहायला आल्यावर थोड्याच काळात त्यांची नजर बारीक बायांकडे वळू लागली. म्हणजे भाच्याला पुढच्या वेळी उपाशीपोटी मुलगी बघायला न्यायला हरकत नाही. आपल्याकडे पोहे आधी देतात, तिथेच घोटाळा होतो.

हे सगळं वाचल्यावर मला एवढंच दिसतं की आपल्यात कोरलेलं काही असेल तर ते एखादं माप नाही. आजूबाजूला कोण धडधाकट आहे, कोणाचं चांगलं चाललंय, कुणाला मान आहे हे टिपून तसं आवडून घ्यायची एक खोड आपल्यात आहे. दुष्काळी मुलखात ती खोड जाड बाई दाखवते, जिमच्या मुलखात बारीक. ही खोड उत्क्रांतीनं दिली असेल, खुशाल देवो. पण तिच्या नावावर हिंजवडीचा बायोडेटा खपवू नका.

जीवशास्त्रात अशा खपवाखपवीला एक नाव आहे. स्टीफन जे गूल्ड यांनी तिला किपलिंगच्या गोष्टी म्हटलं. रुडयार्ड किपलिंग आपल्या मुंबईतच जन्मला, १८६५ साली, जे. जे. कला महाविद्यालयाच्या आवारात. १९०२ मध्ये त्यानं लहान मुलांसाठी 'जस्ट सो स्टोरीज' लिहिल्या. हत्तीच्या पिल्लाचं नाक मगरीनं ओढलं, म्हणून हत्तीला सोंड आली. गोष्ट फक्कड, पुरावा शून्य. आपल्याला आज जे काही आवडतं त्याच्यामागे अश्मयुगातलं एक कारण चिकटवलं की झाली गोष्ट तयार. २००७ मध्ये न्यूकॅसलच्या दोन संशोधकांनी स्त्रियांचा कल गुलाबी-लालसर छटांकडे जास्त असतो असं मोजलं आणि सुचवलं की आदिम बायका झुडपांतली पिकलेली फळं हेरत असाव्यात म्हणून. माझी आजी जन्मभर करवंदं वेचत होती. तिला हिरवा रंग आवडायचा. करवंद पिकलं की काळं होतं.

आणि पांढरेशुभ्र दात म्हणे आरोग्याची, तारुण्याची खूण; म्हणून ते जगात सगळ्यांना आवडतात. माझ्या पणजीचे दात काळे होते. किडलेले नाहीत, काळे केलेले. लग्न झालेल्या बाईनं दातवण लावून दात काळे करायचे, ते लेणं होतं. पांढरे दात म्हणजे कुत्र्याचे, असं ती म्हणायची. जपानातल्या खानदानी बायकाही दात काळे करायच्या. पणजोबांना अकरा मुलं झाली. त्यांच्या मेंदूत टूथपेस्टचं प्रोग्रॅमिंग राहून गेलं असावं.

रंगाचं तर विचारूच नका. मी काळी आहे. सावळी नाही, निमगोरी नाही, गव्हाळ तर मुळीच नाही. हे तिन्ही शब्द लग्न जुळवणाऱ्यांनी मला आलटून पालटून लावले, पण मी काळी आहे. ऐंशीच्या दशकात एका मुलाच्या आईनं मला उठवून खिडकीपाशी बसवलं होतं. उजेडात. पावडर किती आणि मुलगी किती हे बघायला. मग म्हणाली, "मुलगी सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस." त्या 'पण'चं वजन किती असतं ते गोऱ्या बायकांना कळायचं नाही.

भाच्याचं म्हणणं, उजळ रंग ही आरोग्याची खूण. जीवशास्त्राच्या बाईला हे सांगायला धाडस लागतं. नीना जाब्लॉन्स्की आणि जॉर्ज चॅप्लिन यांनी २००० साली सविस्तर मांडलं की त्वचेचा रंग आणि सूर्याची अतिनील किरणं यांची जगभर जवळपास बिनचूक जोडी लागते. काळ्या त्वचेतलं मेलॅनिन शरीरातलं फोलेट वाचवतं, आणि फोलेट नसेल तर पोटातल्या बाळाच्या मज्जारज्जूची वाढ बिघडते. म्हणजे सोलापूरच्या उन्हात 'ही बाई निरोगी बाळं जन्माला घालेल' अशी जाहिरात कुठली त्वचा करत असेल, तर ती माझी. उत्क्रांतीचा न्याय लावायचा असेल तर नीट लावा. मग मराठवाड्यातल्या मुलांनी काळ्याभोर मुलीसाठी रांगा लावायला हव्यात.

खरं आहे, जवळपास सगळ्या समाजांत स्त्रिया त्याच समाजातल्या पुरुषांपेक्षा किंचित उजळ असतात, हे मोजलेलं आहे. त्यावरून १९८६ मध्ये पीटर फ्रॉस्ट आणि पियेर व्हॅन डेन बर्घ यांनी उजळ बायका पसंत पडण्याला एक जैविक आधार असावा असं मांडलंही. पण त्या किंचित फरकातून 'गोरीपान हवी' कसं निघतं? मीठ किंचित लागतं म्हणून कुणी किलोभर मिठाची भाजी करत नाही. एवढी मोठी उडी मारायला दुसरी ताकद लागते. आपल्याकडे ती जातीत आहे. उन्हात कोण राबतं आणि सावलीत कोण बसतं यात आहे. दोनशे वर्षं कुणी राज्य केलं यात आहे, आणि १९७५ पासून ट्यूबमध्ये भरून विकायला लागलेल्या फेअर अँड लव्हलीत आहे. २०२० साली अमेरिकेत एका काळ्या माणसाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला, जगभर बोंब झाली, तेव्हा कुठे त्या ट्यूबवरचं 'फेअर' पुसलं गेलं आणि लग्न जुळवणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळानं कातडीच्या रंगाचा फिल्टर काढला. उत्क्रांतीचा फिल्टर एका बटणानं निघाला. आषाढात सावळ्याच्या दर्शनाला वीस दिवस पायी चालायचं आणि तुळशीचं लग्न लागलं की सावळी म्हणून नकार कळवायचा, असे आपण.

उत्क्रांती आणि सौंदर्य यांचं हे लफडं जुनं आहे, आणि त्याची सुरुवात फारशी शोभादायक नाही. डार्विनचा भाऊबंद फ्रान्सिस गॉल्टन खिशात कागद आणि सुई घेऊन ब्रिटनच्या रस्त्यांवर हिंडायचा. समोरून येणारी बाई देखणी, बरी की कुरूप, ते ठरवून कागदाला भोक पाडायचा. कुणाला कळू न देता, खिशातल्या खिशात. त्या भोकांची बेरीज करून त्यानं जाहीर केलं की लंडनच्या बाया सगळ्यात देखण्या आणि अ‍ॅबर्डीनच्या सगळ्यात वाईट. हा गृहस्थ आज बसस्टॉपवर असता तर पोरींनी चप्पल काढली असती. तेव्हा त्याला विज्ञान म्हणत. याच माणसानं १८८३ मध्ये सुप्रजननशास्त्राला त्याचं इंग्रजी नाव दिलं. पुढे त्या शास्त्राच्या नावानं जगात काय काय झालं ते सांगायला हा लेख पुरायचा नाही.

त्याच सुमाराला आपल्याकडे हर्बर्ट रिस्ली नाकं मोजत होता. नाकाची रुंदी भागिले उंची. त्याचा दावा असा की जातीजातींची सरासरी नाकं ओळीनं लावली की वरपासून खालपर्यंत जातींची उतरंड आपोआप तयार होते. नाक जितकं बारीक, जात तितकी वर. हेच साहेब १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त होते. मुंबई विद्यापीठातल्या गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ मध्ये ती नाकं तपासून सांगितलं की उत्तरेचा एक पट्टा सोडला तर हे गणित जुळत नाही; आणि बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ मध्ये तीच मापं हातात घेऊन ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे आहेत ही कल्पना मोडीत काढली. तरी 'चाफेकळी नाक' अजून बायोडेटात आहे. मापं गेली, नाक राहिलं.

आणि इरावती कर्वे. १९२० च्या दशकाच्या शेवटी त्या बर्लिनला ऑयगेन फिशरच्या हाताखाली शिकायला गेल्या. फिशर हा वंशश्रेष्ठत्वाचा पुरोहित. त्यानं विषय दिला कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंच्या विषमतेचा, आणि त्याची अपेक्षा अशी की युरोपियनांच्या कवट्या वेगळ्या निघतील, म्हणजे त्यांची बुद्धी वेगळी ठरेल. कोकणस्थ घरात वाढलेल्या या मुलीनं कवट्या मोजल्या आणि गुरूच्या तोंडावर लिहून दिलं की विषमतेचा आणि वंशाचा काही संबंध नाही. वाकडेपणा सगळ्यांतच असतो. पुढे साठ-सत्तर वर्षांनी चेहऱ्याच्या दोन्ही बाजू सारख्या असणं म्हणजे उत्तम जनुकं, असं सांगणाऱ्या निबंधांची लाट आली, तेव्हा मला सारखी ती कवट्यांची खोली आठवायची. बर्लिनमध्ये १९३० च्या आसपास खरं बोलायला जे लागतं ते नंतरच्या कित्येकांना कधी लागलंच नाही.

आता दुसरी पार्टी.

माझी एक मैत्रीण समाजशास्त्र शिकवायची. तिच्या मते आकर्षण वगैरे सगळं बाजार आणि पितृसत्ता यांनी घडवलेलं. शरीर म्हणजे नुसती पाटी, समाज तिच्यावर लिहितो. तिच्या हातात हुकमाचा एक्का होता, तो मी नाकारत नाही. फिजीत नाद्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. अ‍ॅन बेकर यांनी तेव्हा आणि पुन्हा १९९८ मध्ये शाळकरी मुलींना विचारलं. ज्या मुलखात भरलेलं अंग कौतुकाचं होतं, तिथे वजन कमी करायला मुद्दाम उलट्या काढणारी मुलगी आधी एकही नव्हती; तीन वर्षांत अशा मुली ११.३ टक्के झाल्या. यावर मी काय बोलणार?

पण पाटी कोरी कशी? दोन-तीन महिन्यांची तान्ही बाळं मोठ्यांना देखणे वाटणारे चेहरे जास्त वेळ बघतात, हे ज्युडिथ लँग्लॉइस यांनी १९८७ मध्ये दाखवलं. त्या बाळांना कुठल्या जाहिराती दाखवल्या होत्या? आणि अंगावर फोड यावेत म्हणून क्रीम कुठल्या समाजात खपतं? नितळ कातडी, दाट केस, तरतरीत डोळे यांच्या विरोधात उभी राहिलेली संस्कृती मला तरी माहीत नाही. पितृसत्तेला एवढी एकी कधीच जमली नसती. नेओमी वूल्फ यांच्या १९९० च्या गाजलेल्या पुस्तकात अमेरिकेत उपासमारीच्या मानसिक विकारानं वर्षाला दीड लाख बायका मरतात असं ठोकून दिलं होतं. तो आकडा साफ चुकीचा होता. पण आपल्या बाजूचा आकडा कोण तपासतं? भाचा ०.७ तपासत नाही, मैत्रीण दीड लाख तपासत नाही.

शिवाय या पार्टीतल्या काहींची एक वेगळीच शाखा आहे: परकीय बाजार येण्यापूर्वी आमच्या संस्कृतीला अस्सल सौंदर्यदृष्टी होती म्हणणारी. नऊवारी, नथ, अंबाडा. नथ! भांडारकर संस्थेतले परशुराम कृष्ण गोडे यांनी फार पूर्वी शोधून ठेवलंय की जुन्या संस्कृत वाङ्मयात आणि प्राचीन शिल्पांत नाकातल्या दागिन्याचा मागमूस नाही. तो गेल्या हजारेक वर्षांत आपल्याकडे आला. अजिंठ्याच्या बायकांची नाकं मोकळी आहेत. आणि त्यातल्या कितीतरी काळ्या आहेत, राजवाड्यात बसलेल्या, दागिन्यांनी मढलेल्या. अस्सल काय ते आधी ठरवा, मग सांगा.

मैत्रिणीच्या मुलाचं लग्न ठरायचं होतं तेव्हा मी तिला विचारलं, जाहिरातीत 'सुस्वरूप' कुणी घातलं? म्हणाली, "अगं, व्यवस्थाच तशी आहे. मी एकटी काय करणार?" भाचा म्हणाला होता, मी काय करणार. दोघांनी वाक्य तेच म्हटलं, फक्त कर्ता बदलला.

या दोघांना समोरासमोर बसवून मला माझ्या आईबाबांची गोष्ट सांगायची आहे. माझी आई ही माझ्या बाबांच्या सख्ख्या मामाची मुलगी. मे महिन्याच्या सुट्टीत बाबा आजोळी जायचे, कोल्हापूरजवळच्या एका गावात. तिथे मामाची मुलगी असायची, आणि मावशीची मुलगीही सुट्टीला यायची. तिघंही एकाच ओसरीवर झोपत, एकाच आढीतले आंबे खात. रक्ताच्या हिशेबानं दोघी मुली बाबांना सारख्याच जवळच्या. मामाची असो की मावशीची, आठवा हिस्सा, साडेबारा टक्के. जनुकांना विचारा, त्यांना या दोघींत फरक सांगता येणार नाही. त्यांच्याकडे 'मामे' आणि 'मावस' हे शब्दच नाहीत. पण मामाच्या मुलीवरून बाबांना पाचव्या वर्षापासून चिडवत, "ए, तुझी नवरी आली बघ," आणि मावशीची मुलगी भाऊबीजेला ओवाळायची. सोळाव्या वर्षी मामाची मुलगी विहिरीवर दिसली की बाबांच्या छातीत धडधडायचं. हे त्यांनी मला म्हातारपणी, आई गेल्यावर सांगितलं. मावशीची मुलगी त्याच विहिरीवर त्याच घागरी घेऊन उभी असायची. तिच्याकडे बघून कधी धडधडलं नाही. का?

वेस्टरमार्क नावाच्या फिनिश विद्वानानं १८९१ मध्ये म्हटलं होतं की लहानपणी एकत्र वाढलेल्या मुलांना पुढे एकमेकांची ओढ वाटत नाही. आतूनच नावड तयार होते. चुलत भावंडांना हे छान लागू पडतं, एकाच वाड्यात एका पंगतीला वाढलेली ती. पण मामाची आणि मावशीची मुलगी बाबांना वर्षात सारखेच दिवस भेटत होत्या. उत्क्रांतीवाल्यांची दोरी इथे तुटते. विंध्याच्या पलीकडे तीच मामाची मुलगी बहीण होते, तिच्याशी लग्नाचा विचारही पाप. महाराष्ट्र या बाबतीत उत्तर आणि दक्षिण यांच्या सीमेवर उभा आहे, हे इरावतीबाईंनीच १९५३ च्या आपल्या नातेसंबंधांवरच्या इंग्रजी पुस्तकात मांडलं.

मग जिंकली संस्कृती? मैत्रीण हसेल. पण गावात तेव्हा सिनेमा नव्हता, क्रीम नव्हतं, मासिक नव्हतं. समाजानं फक्त एक दार उघडं ठेवलं आणि एक बंद केलं. त्या उघड्या दारातून जे आत आलं ते समाजानं शिकवलेलं नव्हतं. चिडवण्यानं फार तर लाज येते. तळहाताला घाम येत नाही. बाबांच्या तर येत होता म्हणे.

आणि आता हे ऐका. डार्विननंही मामाची मुलगी केली. चार्ल्स डार्विनच्या आईच्या सख्ख्या भावाची मुलगी एमा वेजवूड. लग्न १८३९ मध्ये. कोल्हापूरकडचा जावई शोभला असता. त्याच्या आदल्या वर्षी त्यानं एका कागदावर दोन रकाने आखून लग्न करावं की नाही याचा हिशेब मांडला होता. एका बाजूला मुलंबाळं, म्हातारपणची सोबत, कुत्र्यापेक्षा बरी अशी कुणीतरी. दुसऱ्या बाजूला वेळ जाईल, पुस्तकांना पैसे उरणार नाहीत, नातेवाइकांकडे जावं लागेल. कंबर कुठेच नाही. रंग नाही. लैंगिक निवडीचा सिद्धांत जगाला देणारा माणूस स्वतःची निवड करताना पुस्तकांच्या खर्चाची काळजी करत होता. पुढे दहा मुलांपैकी तीन लहानपणी गेली. जवळच्या नात्यातल्या लग्नाचं काही वाईट तर होत नाही ना, या धास्तीनं त्यानं १८७१ च्या जनगणनेत तसा प्रश्न घालावा म्हणून खटपट केली. ती फेटाळली गेली. त्याच वर्षी आलेल्या त्याच्या ग्रंथात त्यानं देशोदेशीच्या सौंदर्याच्या कल्पनांची पानंच्या पानं भरली आणि सरळ कबूल केलं की सगळ्या माणसांना लागू पडेल असं सौंदर्याचं एक माप नाही. ज्याच्या नावानं भाचा मुली नाकारतो, त्यानं हे लिहून ठेवलंय. वाचायला मात्र लागतं.

हे सगळं मी एका दमात त्याला ऐकवलं. चिवडा संपला होता. तो म्हणाला, "पण मावशी, सगळ्या देशांत पुरुष लुक्सला महत्त्व देतात, हे तर सिद्ध झालंय."

झालंय. डेव्हिड बस, १९८९, सदतीस समाजगट, १०,०४७ माणसं. पुरुषांनी देखणेपणाला बायकांपेक्षा जास्त गुण दिले, बायकांनी कमाईला. अ‍ॅलिस ईगली आणि वेंडी वूड यांनी १९९९ मध्ये तीच आकडेवारी पुन्हा लावली, तर जिथे स्त्री-पुरुष बरोबरीच्या जवळ आहेत तिथे बायकांचा कमाईवरचा जोर आणि पुरुषांचा स्वयंपाकपाण्यावरचा जोर कमी झालेला दिसला. देखणेपणाचा जोर मात्र तितकासा हलला नाही, हेही मी भाच्याला सांगितलं, कारण मी गॉल्टन नाही. पण त्याच बसच्या यादीत स्त्री-पुरुष दोघांनीही सगळ्यात वर काय ठेवलं होतं? एकमेकांवरचं प्रेम आणि भरवशाचा स्वभाव. "तुझ्या अ‍ॅपमध्ये भरवशाचा फिल्टर आहे का रे?" तो मोबाइल बघत होता. उंचीचा फिल्टर आहे म्हणाला, पाच फूट चार इंचांपासून. हादझांत दर शंभरातल्या आठ जोडप्यांत बायको नवऱ्यापेक्षा उंच असते, आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. हे सांगायचं मी सोडून दिलं.

मग त्याचा बायोडेटा मागवला. शिक्षण, पॅकेज, फ्लॅट, गोत्र, नाडी, अपेक्षा. मुलीच्या अपेक्षित रंगाचा उल्लेख होता. त्याच्या रंगाचा रकाना कोरा होता. आईनं भरलाच नव्हता, आणि तीन वर्षांत कुणी विचारलाही नव्हता. तो माझ्याच वळणावर गेलाय.

"पुरुषांसाठीही आकडा आहे बरं का," मी म्हटलं. "त्याच देवेंद्र सिंगांनी १९९५ मध्ये काढला. बायकांना पुरुषाचं शून्य दशांश नऊ आवडतं."

मी शिलाई मशीनच्या खणातून टेप काढला. तो उभा राहिला, आधी हसला, मग टीशर्ट खाली ओढला. टेप बेंबीवरून फिरवला तसं त्यानं पोट आत घेतलं आणि श्वास धरला. मी घाई केली नाही. चाळीस वर्षं ब्लाउज शिवतेय, माणूस किती वेळ श्वास धरू शकतो ते मला माहीत आहे.

त्यानं सोडला. मी आकडा बायोडेटाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिला, आणि खाली नितंबांसाठी जागा सोडली.